जोडीचं रक्त

रक्त पातळ करायची गोळी रक्त पातळ करत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण सारी नोकरी लॅबोरेटरीत काढल्यावरही लग्नाकार्यात भेटणारी माणसं मला अजून विचारतात, "मंग रक्त पाण्यावानी होते का हो?" होत नाही. रक्त होतं तसंच दाट राहतं, फक्त गोठायला उशीर लावतं. तो उशीर किती, तेवढं मोजायचं असतं. उशीर कमी पडला की नसेत गाठ धरते. जास्त झाला की साधा हिरडीचा ओरखडासुद्धा थांबत नाही, आणि डोक्यात कुठे वाहू लागलं तर बघायलाही मिळत नाही.

हे मला शिकावं लागलं ते माझ्या आत्यामुळे.

गयाबाई तिचं नाव. मारेगावजवळच्या एका खेड्यात राहायची. माझी आई मी रांगत असतानाच गेली, तेव्हापासून आत्यानेच मला वाढवलं. कापूस वेचून आणि घरामागे भाजी पिकवून तिने मला मॅट्रिक केलं. छप्पन सालच्या दीक्षेला ती पांढरं लुगडं नेसून नागपूरला गेली, आणि परत आल्यावर पहिल्यांदा काय केलं असेल तर मला म्हणाली, "नामा, आता कारकुनी नाई करायची. दवाखान्यातलं काही शिक. लोकायच्या आंगात काय चालून राह्यलं ते समजलं पायजे आपल्याले." म्हणून मी नागपूरला लॅबचं शिकलो आणि यवतमाळला डॉ. चिंचोळकरांच्या दवाखान्यात लागलो. मागच्या बाजूला एक लांबट खोली, एक सूक्ष्मदर्शक, हाताने फिरवायचं सेंट्रिफ्यूज आणि मी. मलेरियाचे जंतू, लघवीतली साखर, जंत, हिमोग्लोबिन. एवढ्यात दिवस सरायचा.

साठ साल उलटून गेलं होतं. आत्या बैलगाडीवरून पडली. मांडीचं हाड मोडलं, प्लॅस्टर झालं, कित्येक आठवडे ती पडून राहिली. प्लॅस्टर निघालं तर पाय सुजून खांबासारखा. मग एक दिवस छातीत कळ आली, थुंकीतून रक्त पडलं. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की पायातल्या नसेतली गाठ सुटून फुप्फुसात गेली आहे. ती तिथून बरी होऊन आली आणि गोळ्या थांबवल्यावर पुन्हा तेच झालं. दुसऱ्यांदाही वाचली. पण त्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"आता हिला गोळ्या बरेच दिवस द्याव्या लागतील," ते म्हणाले. "पण दर आठवड्याला रक्त तपासायला हवं. तुम्ही दर आठवड्याला नागपूरला आणाल का?"

मी मनात हिशोब केला. मारेगाव ते नागपूर, अधू पायाने, दर आठवड्याला.

"तपासणी होणार नसेल तर मी गोळी लिहून देणार नाही," ते म्हणाले. "गोळीशिवाय ती कदाचित मरेल. तपासणीशिवाय गोळी दिली तर मी तिला मारीन."

मी विचारलं, "ही तपासणी मी शिकलो तर?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसून लॅबची वाट दाखवली. तिथल्या जुन्या टेक्निशियनने मला आठवडाभर शेजारी उभं करून शिकवलं. त्या माणसाने माझ्याकडून शंभरदा तरी तेच तेच करून घेतलं असेल, आणि एकदाही आवाज चढवला नाही. त्याचे आभार मी कधी नीट मानले नाहीत. मानायला गेलो तेव्हा तो निवृत्त होऊन कुठे गेला, कोणाला ठाऊक नव्हतं.

तपासणी अशी. रक्त घ्यायचं ते गोठू न देणारा क्षार घातलेल्या नळीत. सेंट्रिफ्यूज फिरवलं की तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी येतं. ते पाणी अंगाइतक्याच ऊन पाण्यात नळीसकट धरायचं. त्यात सशाच्या मेंदूची पूड कालवलेलं पाणी घालायचं, मग कॅल्शियम, आणि त्याच क्षणी घड्याळाची कळ दाबायची. आता बारीक तारेचं टोक त्यात बुडवायचं, उचलायचं, बुडवायचं, उचलायचं. एका क्षणी तारेला पांढरा धागा लागून येतो. कळ दाबा. झालं. निरोगी माणसाचा धागा बारा-चौदा सेकंदांत येतो. गोळी चालू असलेल्याचा त्याच्या दुप्पट वेळात यावा, थोडा मागेपुढे.

सशाच्या मेंदूची पूड छोट्या काचेच्या कुपीत यायची आणि ती थंड ठेवावी लागे. आमच्याकडे फ्रीज एकच, तो वरच्या मजल्यावर डॉक्टरांच्या स्वयंपाकघरात. वहिनींना, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोला, सांगितलं होतं की औषध आहे. एक दिवस त्यांनी कुपीवरचं वाचलं. घरात कांदाही मोजकाच चालायचा.

"अहो नामदेवराव, हा मेंदू आहे?"

"सशाचा आहे, वहिनी."

"माझ्या दुधाशेजारी?"

मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर दूध वरच्या कप्प्यात गेलेलं आणि कुपी खालच्या. पण कुपी कलंडू नये म्हणून तिच्याभोवती धुतलेला रुमाल गुंडाळून ठेवला होता. तो रुमाल त्या दर आठवड्याला बदलायच्या.

आत्या सोमवारी पहिल्या एस.टी.ने यायची. दवाखान्यात शिरताना मोठ्याने "जयभीम डॉक्टरसाहेब!" म्हणायची, बाकावर बसायची आणि हात पुढे करायची. पहिल्या दिवशी तिने सगळं पाहून घेतलं. तारेला धागा लागला तसा तिने डोळे बारीक केले.

"हे तं सरकी काढल्यावर बोटाले कापूस चिकटते तसं दिसून राह्यलं."

"तेच रक्त गोठणं, आत्या."

"एवढ्याशा धाग्यासाठी मले मराची पाळी आली होती का रे?"

आता खरी अडचण. या तपासणीत रोग्याच्या रक्ताशेजारी एका निरोगी माणसाचं रक्तही तपासावं लागतं. पूड शिळी झाली, पाणी गार पडलं, हात चुकला, तर आकडा खोटा येतो. निरोगी माणसाचं रक्त ठरल्या वेळात गोठलं तर समजायचं की आपलं सगळं जागेवर आहे आणि रोग्याचा आकडा खरा. आम्ही त्याला जोडीचं रक्त म्हणायचो. पहिले काही आठवडे कंपाउंडर मला टोचायचा आणि माझंच रक्त जोडीला असायचं. मग मला मलेरियाने धरलं. निरोगी माणूस कुठून आणायचा? दवाखान्यात निरोगी माणसं येत नाहीत.

एक येत होते.

वामनराव पुराणिक कचेरीत कारकून होते. दवाखान्यापासून तिसऱ्या घरात राहायचे. पिढ्यान्‌पिढ्या नोकरीतलं घराणं, स्वच्छ धोतर, हातात छत्री. त्यांना एकही आजार नव्हता आणि आपल्याला एकूण एक आजार आहे अशी त्यांची पक्की समजूत होती. या आठवड्यात क्षय, पुढच्यात मूतखडा. माझ्याकडे येऊन ते थुंकी, लघवी, रक्त सगळं तपासून घ्यायचे, आणि मी "काही निघालं नाही" म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. "नीट पाहिलंत ना?" असं दारातून परत येऊन विचारायचे. सुईची त्यांना भयंकर भीती. टोचताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत वार मोठ्याने वाचायचे.

त्या सोमवारी ते जीभ पांढरी दिसते म्हणून आले होते. डॉक्टरांनी त्यांचा खांदा धरून त्यांना माझ्या खोलीत आणलं.

"नामदेव, हा घे. यवतमाळातला सगळ्यात निरोगी माणूस."

"मी?" वामनराव घाबरलेच.

डॉक्टरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. वामनरावांनी आत्याकडे पाहिलं. त्यांच्या घरात अजून आमच्या लोकांना ओसरीच्या पुढे घेत नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही आणि आत्यालाही. 

"म्हणजे यांचा आकडा खरा की खोटा, ते माझ्या रक्तावरून ठरणार?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"मग माझं रक्त चांगलं असलंच पाहिजे," ते म्हणाले आणि बाही सरकवून बसले. सोमवार, मंगळवार, बुधवार असं वाचत त्यांनी रक्त दिलं.

आत्याने विचारलं, "दुखलं का भाऊ?"

"थोडंसं, आत्याबाई."

"मंग कायले एवढा घाबरून राह्यला? मी बाई हावो, मले तं रोजचंच झालं."

त्यानंतर ते दर सोमवारी कचेरीत जायच्या आधी यायचे. त्यांचा धागा आला आणि मी आकडा सांगितला की ते एक सुस्कारा सोडायचे, जणू काही आठवडाभराचं आयुष्य मंजूर झालं. हळूहळू त्यांनी बाकीच्या तपासण्या सोडल्या. क्षय गेला, मूतखडा गेला. त्यांच्या घरच्या बाईंनी मला रस्त्यात थांबवून विचारलं होतं, "तुम्ही यांना काय औषध दिलंत हो?"

त्या हिवाळ्यात एकदा आत्याचा धागा फार लवकर आला. गोळ्या चुकल्या नव्हत्या. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की घरी रोज हरभऱ्याची भाजी चालली आहे, सकाळ-संध्याकाळ, ताट भरून. हिरव्या भाजीत रक्त गोठवणारं जीवनसत्त्व असतं, ते गोळीच्या उलट ओढतं.

"थंडीत माणसानं दुसरं खावं तरी काय?" आत्याने विचारलं.

"खा," डॉक्टर म्हणाले, "पण मूठभर खा आणि रोज तेवढीच खा. एक दिवस ताट आणि एक दिवस उपास, असं नको."

तिने ते पाळलं. सगळ्यांना हे जमत नाही. आमच्याकडे ही तपासणी होते असं कळल्यावर उमरखेडहून एक दुकानदार यायला लागले होते. तीन-चार खेपा झाल्या आणि ते यायचे थांबले. मुलगा भेटला तर म्हणाला, "बाबूजी आता बरे दिसून राह्यले, येवढ्या दूर कायले आणायचं?" गोळी मात्र चालूच होती. पावसाळ्यात ते गेल्याचं कळलं. कशाने गेले ते मला माहीत नाही, पण त्यांचा तो हसरा चेहरा मला अजून दिसतो. आपण होऊन त्यांच्या गावी जायला हवं होतं का, हे मी अजून स्वतःला विचारतो.

आणि मग तो उन्हाळा.

यवतमाळचा उन्हाळा सांगायला नको. त्या सोमवारी सकाळीच खोली तापली होती. आत्या आली, वामनराव आले, दोघांचं रक्त घेतलं. दोघं शेजारी बसून कोणाच्या घरी माठातलं पाणी जास्त थंड असतं यावर बोलत होते. मी आत्याची नळी उचलली, कळ दाबली आणि तार बुडवत राहिलो. नेहमीची वेळ आली. गेली. तारेला काहीच लागेना. मी बुडवत राहिलो. मिनिट उलटलं तरी पाणी पाण्यासारखंच.

माझ्या मनात पहिलं आलं ते पुडीचं. उन्हाने खराब झाली असणार. मी वामनरावांची नळी घेतली. त्यांचा धागा आला, अगदी नेहमीच्या वेळेला, सुरेख पांढरा. मी आत्याची दुसऱ्यांदा केली. काही नाही. वामनरावांची दुसऱ्यांदा केली. धागा.

पूड चांगली होती. आत्याचं रक्त गोठतच नव्हतं.

मी डॉक्टरांकडे धावलो. ते रोगी सोडून उठले आणि त्यांनी आत्याला तिथेच बाकावर आडवं केलं. चोळीची बाही वर केली तर दंडावर पंजाएवढा काळानिळा डाग.

"हे कधी झालं?"

"एस.टी.च्या दांड्याले आपटलं असन."

"हिरड्यांतून रक्त येतं का?"

"दातुन करतानी लागते कधी कधी. तीन-चार रोजापासून येऊन राह्यलं थोडं थोडं."

"दुसरं काही औषध घेतलंस का, आत्या?" मी विचारलं.

ती आठवू लागली. "औषध नाई रे. गावात लगन होतं. गुडघा लय ठणकत होता, तं बाजारातून दुखीच्या पुड्या आणल्या. त्या औषधात थोड्याच येतात?"

त्या पुड्यांत ॲस्पिरिन असतं, ते आणि आमची गोळी मिळून माणसाचं रक्त वाहतं ठेवतात. डॉक्टरांनी गोळी बंद केली, पुड्या बंद केल्या आणि त्याच रक्त गोठवणाऱ्या जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं. आत्याला आतल्या खाटेवर झोपवलं आणि उठायची सक्त मनाई केली. "आता वाट बघायची," ते मला म्हणाले. "इंजेक्शनचा गुण यायला वेळ लागतो. तोपर्यंत तिचं डोकं दुखलं तर लगेच सांग."

दुपारी तिचं डोकं दुखायला लागलं.

ती "उन्हानं दुखते" म्हणाली. असेलही. पण डॉक्टर खाटेशेजारी खुर्ची टाकून बसले ते उठले नाहीत. तिच्या डोळ्यांत टॉर्च मारून बघत, हात उचलायला लावत, नाव विचारत. तीनदा नाव विचारल्यावर आत्या वैतागली. "गयाबाई, गयाबाई! कितीक डाव सांगू बाप्पा?" मला रडू आवरेना. मी लॅबमध्ये जाऊन उभा राहिलो. जिने मला दवाखान्यातलं शिकायला पाठवलं तिच्या अंगात काय चाललं आहे ते मला समजलं होतं, आणि आता करण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं.

दुसऱ्यांदा तपासायचं तर जोडीचं रक्तही पुन्हा ताजं हवं. मी कंपाउंडरला म्हटलं, माझंच घे. तेवढ्यात दारात छत्री दिसली. मधल्या सुट्टीत वामनराव भर उन्हातून घामाघूम होऊन आले होते.

"सकाळी तुमचा चेहरा पाहिला," ते म्हणाले. "आत्याबाई कशा आहेत?"

मी सांगितलं. त्यांनी बाही सरकवली. या खेपेला वार वाचले नाहीत, सुईकडे बघतही नव्हते, आतल्या दाराकडे बघत होते. रक्त देऊन झाल्यावर ते डॉक्टरांपाशी गेले.

"डॉक्टर, त्यांना रक्त द्यायची वेळ आली तर माझं द्या. दर सोमवारी तपासलेलं आहे."

डॉक्टरांनी मला खूण केली. मी दोघांचे गट तपासले. जुळले नाहीत. हे सांगितलं तेव्हा वामनरावांना फार वाईट वाटलं. "मग चांगलं असून काय उपयोग?" असं काहीतरी पुटपुटले आणि कचेरीत गेले. संध्याकाळी कचेरी सुटल्यावर पुन्हा आले, पुन्हा हात पुढे केला.

दुपारच्या नळीत धागा नव्हता. संध्याकाळच्या नळीत, मी जवळजवळ आशा सोडली तेव्हा, तारेच्या टोकाला काहीतरी लोंबलं. इतकं बारीक की मी उजेडाकडे धरून पाहिलं. वामनराव माझ्या खांद्यावरून बघत होते.

"आला?"

"उशिरा, पण आला."

ते छत्री विसरून आत धावले. "आत्याबाई, आला! धागा आला!"

आत्या डोळे मिटून पडली होती. डोकं दुखायचं थांबलं होतं. तिने हात उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला. वामनराव खाटेशेजारी वाकून तसेच उभे राहिले, ती हात काढेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा नेहमीच्या जागी आला होता. वहिनींनी वरून मऊ भात पाठवला. त्यांच्या घरच्या ताटात, आणि त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. चार दिवसांनी वामनरावांच्या घरच्या बाई स्वतः येऊन आत्याला जेवायला घेऊन गेल्या. आत्या आत, स्वयंपाकघरात बसून जेवली. परत आल्यावर मी विचारलं, कसं झालं जेवण?

"वरण गोड करतात रे ते लोक," ती म्हणाली. "पण माणसं चांगली हायत."

पुढे वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग नागपूरच्या डॉक्टरांनी तिला पुन्हा तपासलं आणि गोळ्या हळूहळू कमी करून बंद केल्या. या वेळी गाठ झाली नाही, नंतरही कधी झाली नाही. आत्या त्यानंतर पुष्कळ जगली. माझ्या दोन्ही पोरांना तिने खेळवलं. मी पुढे सरकारी नोकरीत गेलो, यंत्रं आली, घड्याळाची कळ दाबायचं काम संपलं. आज कोणाच्या मुलाने आईचा हात धरून तिला रक्त तपासायला आणलं की मला बरं वाटतं. त्या मुलाला ठाऊक नसतं की आतल्या नळ्यांत त्याच्या आईशेजारी कोण्या अनोळखी निरोगी माणसाचं रक्तही तिच्यासाठी उभं आहे. मला ठाऊक असतं, आणि मी मनातल्या मनात त्याला नमस्कार करतो.

शेवटची तपासणी झाली त्या दिवशी डॉक्टरांनी आत्याला सांगितलं, आता यायचं काम नाही. तिने सगळ्यांना जयभीम केला, वहिनींना वर जाऊन भेटली आणि मारेगावच्या गाडीत बसली. मला वाटलं, सुटली बिचारी.

पुढच्या सोमवारी मी दवाखाना उघडून खोली झाडत होतो. बाहेर आवाज ऐकू आला म्हणून पाहिलं तर आत्या बाकावर बसलेली, पदरात शेंगा, आणि तिच्या शेजारी वामनराव शेंगा सोलत होते.

"आत्या!" मी घाबरून म्हणालो. "काय झालं? पाय सुजला का?"

"काही नाई झालं."

"मग गाडीत एवढी दगदग करून काहून आलीस? गोळी बंद झाली ना?"

"गोळी बंद झाली," आत्या म्हणाली, "मंग माणसंबी बंद करू का?"

आणि सरकून तिने मला बाकावर जागा करून दिली.